चौतीसची कंबर

मला एक सांगा, माणसानं विश्वास ठेवावा तरी कुणावर? डॉक्टरवर, बायकोवर, की स्वतःच्या पोटावर? मी पोटावर ठेवला आणि साफ फसलो.

माझं तयार पँटींचं दुकान आहे. सातवीत शाळा सुटली (खरं म्हणजे शाळेनंच मला सोडलं), बाकीचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. दोन महिन्यांपूर्वी एका नव्या कारखान्याचा माल आला. कापड असं झकास, की म्हटलं, दुकानात आपणच हे घालून बसायचं, फुकटात जाहिरात! माझ्या मापाच्या, म्हणजे चौतीसच्या, तीन पँटी काढून घेतल्या. बटण लावताना जरा श्वास रोखावा लागला. पण "नवं कापड आहे, अंगाला बसेल" हे वाक्य वीस वर्षं लोकांना ऐकवतोय, ते स्वतःला ऐकवायला काय जातंय?

त्याच आठवड्यात पोट दुखायला लागलं. दुकानात डबा खाऊन झाला, गादीवर टेकलो, की कळ!

डॉक्टर म्हणाले, "एखादा पदार्थ सोसत नसेल. काय खाल्लं, कधी दुखलं, सगळं वहीत लिहा. बुधवारपर्यंत कळलं नाही, तर घशातून नळी घालून बघू."

नळी! माझ्या घशातून साधी गोळी उतरत नाही, बायको ती चुरून देते. मी त्याच दिवशी वही घेतली.

दूध बंद केलं. दुखलं. गहू बंद केला. दुखलं. अंडी, टोमॅटो, डाळ, एकेकाला घराबाहेर काढलं. शेवटी नुसता मऊ भात खाल्ला, तरी दुखलं.

"आता हवा खाऊन बघा," बायको म्हणाली.

आणि रविवारी चमत्कार झाला! वैतागून सगळं खाल्लं, तीनदा वाढून घेतलं, वर पेलाभर दूध. पोट शांत!

"सापडलं!" मी ओरडलोच. "अगं, दोष डब्याचा आहे! रविवारी मी ताटात जेवतो!"

"माझा डबा?" तिनं हातातला झारा खाली ठेवला. (वीस वर्षांच्या संसारात झारा खाली ठेवला, की समजायचं, आता खरं भांडण.)

सोमवारी नवा काचेचा डबा नेला. दुखलं. मंगळवारी दुकानात ताट नेलं. दुखलं. बुधवार तर उद्यावर आला. मी गादीवर कण्हत पडलो. आमचे शिंपी मास्तर मशीनवरून उठून आले.

"मालक, कुठं दुखतं?"

"इथं. पट्ट्याच्या रेषेत."

"रविवारी दुखत नाही म्हणता. रविवारी अंगात काय असतं?"

"पायजमा. पण मास्तर, पायजमा काय कुणी खातं का?"

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून माझ्याभोवती फिरवली. "अडतीस. श्वास सोडा. साडेअडतीस."

"काहीतरीच! दहा वर्षं मी चौतीस घालतोय."

"आपली चौतीस घालताय, मालक. ही कारखान्याची आहे. खरी."

 कुणालाच आपली कंबर अडतीस आहे असं ऐकायचं नसतं, हे मला दुकान उघडल्याच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं. तेव्हापासून आमच्या अडतीसच्या पँटीवर चौतीसचं लेबल लागतं. गिऱ्हाईक आरशात बघून खुलतं आणि पुढच्या वेळी मेव्हण्याला घेऊन येतं. लेबलं मास्तर शिवतात, युक्ती माझी. आणि त्या युक्तीला दहा वर्षं फसलेलं सगळ्यात पक्कं गिऱ्हाईकही मीच!

बटण उघडलं. अहाहा! मोक्ष म्हणजे हाच असावा.

धावत घरी गेलो (एका हातानं पँट धरून). बायकोनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे दोन दिवस माझ्या डब्याला नावं ठेवलीत, ती या पोटासाठी?" झारा पुन्हा हातात आला, आणि ती हसायला लागली.

डॉक्टरांना फोन करून नळी रद्द केली.  पलीकडून हळूच प्रश्न आला, "माझ्या छत्तीसच्या पँटी तुमच्याकडच्याच ना हो?"

मी म्हटलं, "रेंज जातेय."

आता मी अडतीसची घालतो. जेवतो, दूध पितो, मजेत आहे. तुम्हालाही जेवणानंतर कळ येत असेल, तर वही जरूर ठेवा. पण एक विनंती आहे, तिच्यात हिशेब प्रामाणिकपणे लिहा. कंबरेचा आकडा टेपवरून घ्या, माझ्या पँटीवरून घेऊ नका. तिच्यावर मी कालच मास्तरांकडून चौतीसचं लेबल लावून घेतलंय.