पंधरा मिनिटांचं विमान

"पंधरा मिनिटांत आठशे किलोमीटर?" घड्याळजींनी तिकीट भिंगाखाली धरलं. "हे विमान आहे की बंदुकीची गोळी?"

तिकिटावर निघायची वेळ दहा आणि पोचायची सव्वादहा अशी स्पष्ट छापली होती. त्याच दिवशी साडेअकराला त्यांच्या मुलीचं नोंदणी कार्यालयात लग्न होतं आणि साक्षीदाराची एक सही घड्याळजींची होती.

"अहो, तिथली वेळ आपल्यापेक्षा तासभर मागे असते," बायको बॅग भरता भरता म्हणाली. "विमानाला सव्वा तास लागतो. उतरलात की काटे मागे करा म्हणजे झालं."

"मी काटे मागे करू? लोकांची घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेला आणि आता स्वतःचं बिघडवू? सूर्य एकच ना? मग वेळ दोन कशी?"

बायकोने बॅगेची चेन ओढली. या माणसापुढे सूर्याचंही काही चालत नव्हतं.

सव्वादहा वाजून गेले तरी विमान ढगातच होतं. घड्याळजींनी बटण दाबून हवाई सुंदरीला बोलावलं. "ताई, तुमच्या विमानाला उशीर झालाय."

"नाही काका, अगदी वेळेवर आहे."

"वेळेवर असतं तर मी आत्ता जमिनीवर असतो!"

बायकोने डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.

विमान उतरलं तेव्हा घड्याळजींच्या मनगटावर सव्वाअकरा वाजले होते. लग्नाला उरला जेमतेम पाव तास, आणि बॅगेचा पत्ता नाही. "तू बॅग घेऊन मागून ये, मी लग्न थांबवतो!" असं ओरडून त्यांनी टॅक्सी गाठली.

धापा टाकत ते कार्यालयात शिरले. टेबलापाशी एक जोडपं पाठमोरं उभं होतं.

"थांबा! मी आलोय!"

"साक्षीदार ना? किती वाट बघायची हो तुमची!" कारकुनाने वैतागून पेन पुढे केलं. घड्याळजींनी ओळखपत्र आपटलं आणि झोकात सही ठोकली. तेवढ्यात नवरी वळली. ती भलतीच कोणीतरी होती.

"थँक्यू काका! आमचा मित्र आलाच नाही. पण तुम्ही कोण?"

घड्याळजींना दरदरून घाम फुटला. मात्र माघार घेतील तर ते घड्याळजी कसले! त्यांनी नवऱ्या मुलाला आपादमस्तक न्याहाळलं. "मुलगा बरा दिसतोय. सही मी मागे घेणार नाही. सुखाने नांदा!"

बाहेर येऊन ते बाकावर कोसळले. आपल्या मुलीचं लग्न आपल्याविनाच उरकलं, अशी त्यांची खात्री झाली. इतक्यात जिन्यातून ओळखीचा आवाज आला.

"बाबा! तुम्ही आधीच आलात?"

मुलगी नटूनथटून समोर उभी होती, मागे बॅग ओढत तिची आई. मुलीचे डोळे भरून आले.

"माझं बक्षीस असो, पदवी असो, तुम्ही दुकान बंद करून यायचात तेव्हा लोक खुर्च्या उचलत असायचे. आज पहिल्यांदा वेळेआधी आलात, बाबा!"

घड्याळजींनी नुसती मान हलवली असती तरी आयुष्यभराचा उशीर भरून निघाला असता. बायको तर डोळ्यांनी विनवत होती.

घड्याळजींनी मनगटाकडे पाहिलं, मग छाती पुढे काढली.

"वेळेआधी? उगाच काहीतरी बोलू नकोस! आजही मला चांगला पाव तास उशीर झालाय."