मास्तरांच्या बाजातलं फुफ्फुस

फायदा म्हणाल तर बाजाराची एक फेरी वाचणार होती, गुडघ्याला आराम मिळणार होता आणि बायकोच्या पर्सवरून होणारं भांडण टळणार होतं. बाजे दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने एवढाच हिशेब मांडला. खर्चाची बाजू त्याने कोरी ठेवली. तिथे काही लिहायचं असेल असं त्याच्या मनातही आलं नाही.

काम संगीताच्या मास्तरांच्या अ‍ॅकॉर्डियनचं होतं. अ‍ॅकॉर्डियनच्या पोटात सुरांच्या पात्यांशेजारी चामड्याच्या चिंचोळ्या झडपा असतात. भाता ओढला की नको त्या फटीतून हवा निसटू नये, म्हणून त्या फट झाकून बसतात. चामडं जुनं झालं की झडपा वर वळतात, मग बाजा कमी वाजतो आणि सुस्कारे जास्त टाकतो. मास्तरांच्या बाजाची डावी बाजू, म्हणजे मोठ्या खर्जाच्या सुरांची, अशीच सुस्कारत होती. त्याला लागणारं मऊ चामडं गावाच्या पार दुसऱ्या टोकाला मिळायचं. तसंच मऊ चामडं घरातही होतं, पण ते बायकोच्या तपकिरी पर्सच्या रूपाने खुंटीला लटकत होतं.

"पर्सकडे बघू नका," बायको पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली.

"मी कुठे बघतोय?"

"बघत नाही, मग चिमटीत धरून जाडी कसली मोजताय?"

मिस्त्रीने पर्स सोडली आणि घरात दुसरं काही मिळतंय का ते शोधू लागला. कपाटामागे पिवळं पाकीट सापडलं. आत बायकोच्या छातीचा जुना एक्स-रे. फिल्म सपाट, लवचिक, वळायचं नाव नाही. मोठ्या सुरांना अगदी साजेशी. बायको त्या दुखण्यातून केव्हाच बरी झाली होती, आणि बरं झालेल्या माणसाचा एक्स-रे म्हणजे संपलेल्या प्रवासाचं तिकीट. खरं तर फिल्म आधी धुऊन तिच्यावरचा काळा थर काढायला हवा होता. मिस्त्रीने कंटाळा केला. तसेच पट्टे कापले, डिंकाने चिकटवले, झाकण लावलं. मास्तर वाजवून बघत म्हणाले, "वा! याचा दमच वाढला की हो! काय घातलंत आत?"

"धंद्यातलं गुपित आहे," मिस्त्री म्हणाला.

पुढच्याच महिन्यात बायकोला खोकला लागला. काढे झाले, गोळ्या झाल्या, खोकला हलेना. दवाखान्यात नवा एक्स-रे काढला. तरुण डॉक्टरीण तो काचेवर लावून बराच वेळ बघत राहिली.

"काकू, उजवीकडे इथे एक डाग दिसतोय. मागच्या दुखण्याचा जुना व्रण असेल तर काळजी नाही. नवा असेल तर सुई घालून तपासावं लागेल. जुना एक्स-रे आहे ना?"

"आहे की! मी नीट जपून ठेवलाय," बायको म्हणाली. "अहो, ते कपाटामागचं पिवळं पाकीट."

मिस्त्रीचे कान लाल झाले.

"अहो?"

"पाकीट आहे," मिस्त्री म्हणाला.

घरी येऊन तिने पाकीट उघडलं. आत डावं फुफ्फुस होतं, दोन्ही खांदे होते. उजवीकडे कापलेल्या खिडकीतून मात्र समोरची भिंत दिसत होती.

"माझी अर्धी छाती कुठे गेली?"

"मास्तरांकडे."

ती आधी हसली. इतकी हसली की खोकला आला, आणि खोकला आला तसं हसू थांबलं. मग मिस्त्रीने गुडघ्याची पर्वा न करता मास्तरांचं घर गाठलं.

मास्तर कोट घालून निघायच्या तयारीत होते. "आज शक्य नाही, मिस्त्री. शाळेत निरोपसमारंभ आहे. माझाच. एवढी वर्षं फुसफुसत्या बाजावर काढली, आज शेवटच्या दिवशी तरी धड वाजवू द्या."

"मास्तर, तुमच्या बाजात माझी बायको आहे."

"काय?"

"म्हणजे तिचं फुफ्फुस. उजवं. मी तुमच्या डाव्या बाजूला बसवलंय."

सगळं ऐकून झाल्यावर मास्तरांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि आतून स्वतःच पेचकस घेऊन आले. दोघांनी मिळून पातळ सुरी फिरवत एकेक झडप सोडवली. समारंभात मास्तर एकाच हाताने सूर वाजवत होते. डावा हात नुसता भाता ओढत होता, खर्ज बंद होता. लोकांना वाटलं, निरोपाचं दुःख अनावर झालं असेल.

इकडे नवराबायको स्वयंपाकघराच्या टेबलावर पट्टे जुळवत बसले. कंटाळा करून मिस्त्रीने फिल्म धुतली नव्हती, म्हणून पट्ट्यांवर बरगड्या अजून शाबूत होत्या. उभ्या जन्मात त्याचा आळस एवढ्यापुरताच कामी आला.

"ही इथे बसत नाही," बायको म्हणाली.

"बसते. सुरांची जुळवाजुळव करण्यात जन्म गेलाय माझा."

"बरगडी कुणाची आहे?"

मिस्त्रीने पट्टा तिच्या हातात दिला. तिने तो बरोबर बसवला.

दुसऱ्या दिवशी चिकटपट्टीने सांधलेली छाती दवाखान्यातल्या काचेवर चढली. डॉक्टरणीला हसू येत होतं, ते तिने दाबलं. मग नव्या एक्स-रेतल्या डागाची जागा तिने जुन्यावर बोट ठेवून शोधली आणि तिला हसू दाबायची गरज उरली नाही.

"सगळे तुकडे आहेत ना, काका? इथे काही राहिलं नाही ना?"

"सगळे आहेत," मिस्त्री म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या कामात काहीतरी कमी पडलेलं असू दे, असं त्याला वाटत होतं.

"तेव्हा इथे काही नव्हतं," ती हळूच म्हणाली. "सोमवारी या."

पट्टे दवाखान्याच्या फायलीत राहिले. मास्तरांचा बाजा नव्या झडपांसाठी परत येऊन उघडा कामाच्या टेबलावर पडला होता. संध्याकाळी बायकोने खुंटीवरून पर्स काढली, आतलं सगळं ताटात ओतलं आणि रिकामी पर्स त्याच्यासमोर ठेवली.

"कापा. मला आता कुठे मिरवायचीय?"

मिस्त्रीने पर्स उचलली. सवयीने चिमटीत धरली, जाडी बघितली. अगदी हवी तशी होती. मग ताटातल्या वस्तू एकेक करून पुन्हा आत भरल्या. कंगवा, किल्ल्या, खोकल्याच्या गोळ्या.

"हे चामडं या कामाचं नाही," तो म्हणाला. "बाजारातूनच आणावं लागेल. तू चल, निवडायला."

"खोटारडे," ती म्हणाली आणि चपला घालायला उठली.

वाचवायची होती ती फेरी अशी दोघांनी मिळून केली. दुकानात ती प्रत्येक चामडं गालाला लावून बघत होती आणि मिस्त्री अजिबात घाई करत नव्हता. जातानाची आणि येतानाची, बसची सगळी तिकिटं तिनेच काढली. पर्स तिच्याकडे होती.