माझं ड्रायव्हिंग कसं वाटलं?

प्रश्न विचारणं हे जबाबदार संस्थेचं लक्षण असतं. उत्तर ऐकून घेणं त्या लक्षणात मोडत नाही.

न्यूझीलंडमधल्या ट्रकमालकांच्या एका महासंघाने हे तत्त्व फार पूर्वी ओळखलं. व्यवसायात सुरक्षितता आणि शिस्त नांदावी म्हणून त्याने चालकांना ‘व्यावसायिक चालक’ असे बिल्ले दिले आणि प्रत्येक ट्रकच्या पाठीवर पिवळी पाटी ठोकली: ‘माझं ड्रायव्हिंग कसं वाटलं?’ खाली फुकटचा फोन नंबर. (फोन फुकट होता. परिणाम नव्हते.)

सगळं सुरळीत चाललं होतं. मग नारायणराव आगाशे सहा महिन्यांसाठी पुण्याहून तिथल्या अल्बनी नावाच्या उपनगरात मुलाकडे आले.

नारायणरावांनी एकतीस वर्षं दहावीचे भूमितीचे पेपर तपासले होते. पुण्यातली पाटी माणसाला दटावते. ही चक्क मत विचारत होती. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणं हा त्यांच्या लेखी कॉपीखालोखालचा गुन्हा. शिवाय वेळ होता. मुलगा आणि सून आठला कामावर जात, आणि सव्वाआठला घरामागच्या सुपरमार्केटचा माल घेऊन हेमीचा ट्रक येई.

हेमी हा पन्नाशीचा, अघळपघळ माओरी गृहस्थ. अरुंद बोळात ट्रक उलटा घालण्याआधी तो खाली उतरून मागे बघून यायचा, पुकेको पक्षी रस्ता ओलांडत असले तर त्यांचं निवांत होऊ द्यायचा, आणि मग भिंतीपासून वीतभर अंतर राखून एका दमात ट्रक लावायचा. वर कुंपणापलीकडून नारायणरावांना ‘किया ओरा’, म्हणजे माओरी नमस्कार. नारायणरावांनी पोटच्या मुलाला कधी ‘ठीक’च्या वर शेरा दिला नव्हता. हेमीला त्यांनी फोन करून दहापैकी साडेआठ दिले. (पैकीच्या पैकी दिले की माणूस बिघडतो.) दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा साडेआठ. असं अकरा दिवस.

महासंघाच्या फॉर्मवर पाच रकाने होते: अतिवेग, हातात मोबाइल, सैल माल, हातवारे आणि इतर. कौतुकाला रकाना नव्हता, कारण तशी वेळच कधी आली नव्हती. वर्षभरातल्या ४,११२ फोनपैकी ४,१०१ तक्रारी होत्या. उरलेले अकरा नारायणरावांचे, ते ‘इतर’मध्ये गेले. ‘इतर’ हा सर्वांत गंभीर रकाना. अतिवेग निदान मोजता येतो. ‘इतर’मध्ये माणसाने काय केलं असेल याची कल्पनाही करवत नाही. सुरक्षा समितीने इतिवृत्तात नोंदवलं, ‘एवढ्या सातत्याने आजवर कोणत्याही चालकाकडून काहीही घडलेलं नाही.’

बाराव्या दिवशी, मंगळवारी, ट्रक घेऊन भलताच कोणी आला आणि त्याने कचऱ्याचा डबा आडवा केला. हेमी दिसला तो बसस्टॉपवर, पायात जँडल्स, म्हणजे तिथल्या रबरी चपला, आणि हातात फॉर्मची चळत.

“ट्रक कुठाय?” नारायणरावांनी विचारलं.

“घरी बसवलंय, मेट. कुणीतरी रोज माझ्यावर फोन करतंय. शुक्रवारी बिल्ला काढून घेणार. बिल्ल्याशिवाय काम कोण देतंय?” तो हसला. “भेटला ना तो, तर एवढंच विचारीन, तुझं काय बिघडवलं मी?”

आज वारा फार आहे, असं नारायणराव म्हणाले.

त्याच दुपारी बस बदलत बदलत ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, माउंट वेलिंग्टनला, महासंघाच्या ऑफिसात पोचले. फोन घेणारी नीता दादरची निघाली.

“साडेआठवाले काका तुम्हीच?”

“मीच. आणि ते कौतुक होतं.”

“मला कळत होतं हो. सिस्टिमला नाही ना कळत.”

“मग खोडून टाक.”

“नोंद खोडत नाहीत, काका. तक्रार असती तर चौकशी झाली असती, ती खोटी निघाली असती, ‘निर्दोष’ शिक्का बसला असता. एक ‘निर्दोष’ आला की मागचं सगळं साफ. कौतुकाची चौकशी कशी करणार? ते खोटं कसं पाडणार?”

नारायणरावांनी मंत्र्याच्या भाच्यालाही कधी अर्धा गुण वाढवून दिला नव्हता. त्यांनी चष्मा पुसला, परत लावला.

“लिहून घे. फार वेगात चालवतो.”

“किती?”

“एकशे तीस.”

“कुठे?”

“आमच्या बोळात.”

नीताची बोटं थांबली. “काका, तिथे तो रिव्हर्समध्ये असतो.”

“रिव्हर्समध्येच.”

“स्वीट अ‍ॅज,” म्हणजे ‘झकास’, असं नीता तिथल्या वळणाने म्हणाली आणि सेव्ह केलं.

समितीने कॅमेरे तपासले, बोळ मोजला (बावीस मीटर) आणि गुरुवारी तक्रार निराधार ठरवली. हेमीला बिल्ला परत मिळाला, शिवाय व्यावसायिकतेचं वार्षिक पारितोषिक. कारण इतक्या निःसंशयपणे खोटी ठरलेली तक्रार दुसऱ्या कोणाच्याच नावावर नव्हती. नारायणरावांना घरपोच ताकीद आली: खोटी तक्रार केल्याबद्दल, यापुढे फोन करू नये.

मुलाने, अभिनवने, पत्र दोनदा वाचलं. “बाबा, व्हिसा वाढवायचाय तुमचा. तोवर तरी लोकांच्या तक्रारी करू नका.”

“ठीक,” नारायणराव म्हणाले.

हेमी अजूनही सव्वाआठला येतो, पुकेकोंसाठी थांबतो, ‘किया ओरा’ म्हणतो. नारायणराव पाठ फिरवून दोरीवरचे वाळलेले कपडे पुन्हा वाळत घालतात.

कौतुकाची समस्या पूर्ण आटोक्यात आल्याचं महासंघाच्या ताज्या अहवालात नमूद आहे. श्रेय जनतेला दिलंय, म्हणजे आपल्याला. आपण आजवर शेकडो ट्रकांच्या मागून गेलात, हॉर्न वाजवलेत, काचा वर करून काय काय बोललात. पण चांगलं म्हणून एकालाही म्हणाला नाहीत. तेवढ्या एका पुण्याईवर ती माणसं नोकरीत टिकून आहेत. मेहेरबानी करून सवय मोडू नका.