ठाणाकुशनूरच्या संगणकाची सोयरीक

माणूस वस्तू वापरण्यासाठी घेतो, ही मोठी गैरसमजूत आहे. वापर कोणीही करतं. मांजर चुलीची ऊब वापरतं, चिमणी घराचा वासा वापरते. निवड मात्र फक्त माणूस करतो, आणि ती जितकी लांबवेल तितका तो शहाणा ठरतो.

कर्नाटकाच्या सीमेवरच्या ठाणाकुशनूरचे उमाजी या हिशेबाने तालुक्यात नावाजलेले शहाणे होते. घराणं तीन पिढ्या मेंढरं राखलेलं. मेंढा घ्यायचा झाला तर उमाजी आधी त्याचा जबडा उघडून दात बघणार, मग त्याच्या बापाची चौकशी करणार, आणि शेवटी चार माणसांना विचारणार. चार माणसांना विचारल्याशिवाय त्या घरात मेंढा आला नाही, सून आली नाही, की दाराला कडी बसली नाही. (कडीच्या वेळी चौथा माणूस गावाला गेला होता, म्हणून दार सात महिने दोरीने बांधलेलं होतं. पुढे कडी बसली ती उलटी, पण सर्वानुमते.)

२०१० च्या जानेवारीत या घरात संगणक आला. उमाजींचा मुलगा रविकुमार कुवेतला एका इस्पितळात यंत्रं दुरुस्त करायचा, आणि सून मनीषा तिथेच नर्स होती. तिथेच त्यांना मुलगी झाली, दीपमाला. तिच्या आजीने, म्हणजे म्हाळसाबाईंनी, तिला फक्त फोनवर रडताना ऐकलं होतं. म्हाळसाबाईंची मागणी लहान होती. पोरीला दात यायच्या आत तिचं बोळकं हसू एकदा डोळ्यांनी बघायचं.

"बोळकं एकदा गेलं की साठ वर्सं परत येत न्हाई," त्या मुलाला म्हणाल्या. म्हणून रविकुमारने उदगीरच्या एका दुकानातून संगणक, कॅमेरा आणि इंटरनेटची कांडी घरपोच पाठवली.

दुकानदाराने सगळं जोडून दिलं आणि हात पुसत विचारलं, "मामा, सिस्टीम कोणती टाकू? एक्सपी, सेव्हन का लिनक्स? सिस्टीम म्हंजे बघा, ह्या डब्याचा कारभारी. तो बसल्याबिगर डबा कायबी करत न्हाई. तासाभराचं काम हाय."

उमाजींना दुकानदार आवडला. विचारणारा माणूस त्यांना नेहमीच आवडायचा.

"आज न्हाई सांगत," ते म्हणाले. "चार लोकांला इचारून कळवतो."

म्हाळसाबाई कॅमेऱ्यासमोर नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. त्या उठल्या आणि लुगडं बदलून आल्या.

चार लोकं ठरायला आठवडाच लागला, ही उमाजींच्या घरातली विक्रमी घाई होती. अध्यक्ष झाले अंकुशराव, सोसायटीचे निवृत्त सचिव. त्यांच्या कारकिर्दीत एकही ठराव अमलात आला नाही, त्यामुळे एकही ठराव चुकला नाही. दुसरे गुरुशांतप्पा, कन्नड शाळेचे मास्तर. तिसरे काशप्पा, पिठाच्या गिरणीचे मालक. चौथे उमाजी, वधूपिता या नात्याने. कारण कारभारी घरात कायमचा राहायला येणार म्हणजे तो घरजावईच, आणि घरजावयाची चौकशी बाहेरच्या जावयापेक्षा दुप्पट करावी लागते, हे पहिल्याच बैठकीत मंजूर झालं. समितीच्या चौघांपैकी संगणक यापूर्वी प्रत्यक्ष पाहिलेले सदस्य एक (काशप्पा, रेल्वेच्या आरक्षण खिडकीत, मागच्या बाजूने). मतं असलेले सदस्य चार.

मग स्थळं तपासली गेली.

एक्सपी हे स्थळ वयस्कर. नऊ वर्षं लोकांच्या घरी नांदलेलं, स्वभाव माहीत असलेलं. पण इतकी घरं पाहिलेला जावई आपल्या घरी टिकेल का, असा प्रश्न काशप्पांनी काढला. सेव्हन तरुण, दिसायला देखणं, पण खायला फार लागतं असं दुकानदाराकडून कळलं. (खातं ते मेमरी, असा खुलासा त्याने फोनवर केला. "काय का खाईना, खातंय ना?" असं अध्यक्षांनी वहीत नोंदवलं.)

लिनक्सपाशी मात्र बैठक तीन आठवडे अडली. ते फुकट होतं.

"फुकट कामून?" अंकुशराव म्हणाले. "उमाजी, तुमच्या जगदेवीला एक स्थळ आलतं. पोरगा म्हणला, हुंडा नको, कायबी नको. तवा तुमी काय केलाव?"

"उठून आलो," उमाजी म्हणाले.

"कामून?"

"काय तरी खोट असल्याबिगर कोण असं बोलतंय?"

जगदेवीला पुढे भरपूर हुंडा घेणारा निर्दोष नवरा मिळाला. सध्या ती माहेरीच असते, आणि बैठकीचा चहा तीच करते. तिचं मत विचारण्याची सूचना कोणी मांडली नाही.

एप्रिलमध्ये कुवेतहून फोन आला. म्हाळसाबाई फोन नेहमी त्या बंद पडद्यासमोर बसून घ्यायच्या, उमेद म्हणा किंवा सवय म्हणा. "दोन दात आलेत, माय," रविकुमार म्हणाला. "खालचे." मग त्याने वडिलांकडे फोन द्यायला सांगितलं. "अप्पा, कोणतीबी टाका की! पोरगी सगळ्यातून सारखीच दिसतीय."

हे विधान उमाजींनी प्रामाणिकपणे समितीपुढे ठेवलं. ते चार विरुद्ध शून्य मतांनी फेटाळण्यात आलं. परदेशी गेलेल्या पोरांना कोणतंही चालतं, म्हणूनच ती परदेशी जातात, असं गुरुशांतप्पांनी मास्तरकीच्या आवाजात सांगितलं.

"अवं, मला कारभारी बघायचा न्हाई," म्हाळसाबाई उंबऱ्यावरून म्हणाल्या. "नात बघायचीय."

"त्याच्यासाठीच चाललंय ना सगळं," उमाजी म्हणाले. त्यांना मनापासून तसंच वाटत होतं. त्यांनाही नात बघायची होती. दोन दात कसे आलेत, सरळ की तिरपे, हा विचार त्यांना बैठकीत मध्येच यायचा, आणि तो विषयपत्रिकेत नसल्यामुळे ते तो दाबून टाकायचे.

मे महिन्यात असं कळलं की पडद्यावरची अक्षरं हव्या त्या भाषेत करता येतात. आतापर्यंत समितीत मतभेद होते. आता तत्त्व आलं. मास्तर म्हणाले, राज्य कर्नाटक, अक्षरं कन्नड. अंकुशराव म्हणाले, घर मराठी, अक्षरं मराठी. काशप्पांनी दोघांना शांत करण्यासाठी उर्दू सुचवली. "निजामाच्या टायमाचे आमच्या रानाचे कागद उर्दूतच हायत. घरात कोणालाच वाचता येत न्हाईत, म्हणून तर भावाभावात भांडण न्हाई." तेलुगू मुलखाची हद्द जवळ म्हणून तेलुगूचाही विचार झाला. (हे चौघं एरवी एका वाक्यात या चारही भाषा बोलायचे, पण ते बोलणं झालं. निवडणं वेगळं.)

मास्तर आणि अंकुशराव जून महिनाभर एकमेकांशी बोलले नाहीत, त्यामुळे बैठका त्या महिन्यात फार सुरळीत झाल्या. शेवटी जुलैत तोडगा निघाला. अक्षरं इंग्रजीत ठेवायची. इंग्रजी चौघांपैकी कोणालाच धड येत नव्हती, म्हणून कोणावर अन्याय झाला नाही. भाषा ठरली. सिस्टीम ठरायची राहिली.

ऑगस्टात, एका सोमवारी, शेजारच्या पार्वतम्मा बांगड्या भरायला तालुक्याच्या गावी, औरादला निघाल्या. म्हाळसाबाई त्यांच्यासोबत गेल्या. बांगड्यांच्या दुकानाशेजारी इंटरनेटचं दुकान होतं. म्हाळसाबाईंनी कुवेतच्या नंबराची चिठ्ठी कनवटीतून काढून तिथल्या मुलीच्या हातात दिली. पार्वतम्मांचा दुसरा हात भरून होईपर्यंत त्यांनी नात बघितली होती.

गावात ही बातमी त्यांच्या आधी पोचली. संध्याकाळी समितीची तातडीची बैठक बसली, आणि म्हाळसाबाईंना साक्षीसाठी बोलावण्यात आलं. या विषयाचा प्रत्यक्ष अनुभव असलेली गावातली ती पहिलीच व्यक्ती होती, त्यामुळे तिला उभं ठेवण्यात आलं.

"वैनी, कोणती सिस्टीम होती?" अंकुशरावांनी वही उघडली.

"दीपमाला होती."

"ते झालं ओ. पन तिच्या खाली काय होतं? खालच्या कोपऱ्यात एक्सपीची हिरवी पट्टी होती का सेव्हनचं निळं गोल?"

"खाली तिचे पाय होते. धरून हुबी ऱ्हायलीय."

"अक्षरं कोणत्या भाषेत होती?" मास्तरांनी विचारलं.

"अक्षरं कोण बघायलंय, मास्तर? ती माझ्याकडं बघायली."

उमाजी पुढे सरकले. त्यांनी विचारलं, "दात किती?"

"सहा." म्हाळसाबाईंनी पदर सारखा केला. "बोळकं न्हाई ऱ्हायलं. तुमच्या बैठकीत गेलं ते."

काशप्पा टोपी काढून तिच्या आत काही लिहिलंय का ते बघू लागले. अंकुशरावांनी नोंद केली: साक्षीदाराने मूळ मुद्द्याला बगल दिली, साक्ष अपुरी, आभार मानण्यात आले.

त्यानंतर म्हाळसाबाई दर सोमवारी औरादला जाऊ लागल्या. काशप्पांनी महिनाभरात समितीचा राजीनामा दिला, आणि पुढच्याच सोमवारी ते त्या दुकानात सुरतेच्या आपल्या मुलाशी बोलताना दिसले. उमाजी मात्र गेले नाहीत. एखाद्या सिस्टीमवर नात पाहिली तर मन त्याच सिस्टीमकडे झुकणार, आणि मग निवड निःपक्षपाती कशी राहणार? इतका कोरा माणूस समितीला दुसरा मिळाला नसता. दीपमाला बोलायला लागल्यावर तिने एकदा विचारलं, आबा कुठं आहेत? म्हाळसाबाईंनी सांगितलं, बैठकीत.

२०१२ साली आणखी एक नवी सिस्टीम बाजारात आली, तेव्हा अंकुशरावांनी पेढे वाटले. आपण घाई केली असती तर फसलो असतो, हे सगळ्यांनाच पटलं. चौकशी पहिल्यापासून सुरू झाली आहे. उमाजींच्या घरचा संगणक एकदाही सुरू झालेला नाही, म्हणून तो अजून नवाच आहे.

काशप्पांची जागा भरायची आहे. उमेदवाराला संगणक येण्याची गरज नाही. शेतकरी, नोकरदार, शिकलेला, न शिकलेला, कोणीही चालेल. एकच परीक्षा आहे. एका आजीने आपली नात पहिल्यांदा पाहिली हे वाचून झाल्यावर, औरादच्या त्या दुकानात सिस्टीम नेमकी कोणती होती, असं तुमच्या मनात आलं का? आलं असेल, तर अर्जाची गरज नाही. चौथी खुर्ची तुमचीच आहे, बैठकीला या.