शालिकचा नरक

चोरी करायला कुणाच्या घरात शिरायचं असलं की शालिक चपला दाराबाहेर काढायचा. आत देव्हारा असतो, म्हणे. दोनदा तो त्या चपलांवरूनच पकडला गेला, तरी सवय सुटली नाही. याला धरायला शिपाई नको, पायाचं माप पुरे, असं हवालदार म्हणायचा.

आणीबाणी नुकतीच उठली होती. अड्याळच्या बाजारात तेव्हा शालिकचा दरारा होता. वय तेवीस, खिशात चाकू. जंगलातलं सागवान चोरायचा, मोहाची दारू पोचवायचा. पण सोमवारी उपास आणि हाणामारी बंद. एका कापडवाल्याला त्यानं सांगितलं होतं, "आज सोमवार हाये. उद्या ये." आणि तो बिचारा मंगळवारी मार खायला आपल्या पायानं आला. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. हसू आलं, पण त्याहून जास्त संताप आला. एक दिवस उपाशी राहिलं की उरलेले सहा दिवस चाकू चालवायला मोकळे, हा कसला धर्म?

मी तेव्हा पत्रकं वाटायचो. 'नरक कुणी पाहिला?' हे चार पानी पत्रक माझंच होतं. त्यात उद्गारचिन्हं जरा जास्तच पडली होती. ऐन बाजाराच्या दिवशी शालिकनं सगळा गठ्ठा माझ्या हातातून काढून घेतला. त्याला वाचता येत नव्हतं, पण मथळा कुणीतरी वाचून दाखवला होता.

"काय बे लीडर, नरक नाही म्हणून सांगून राहिला तू लोकायले? मंग कोन भेईल? मले रोजच चाकू काढा लागंल."

धंद्याच्या दृष्टीनं मुद्दा बिनतोड होता.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा परत मागायला मी त्याच्या घरी गेलो. एकच खोली. भिंतीवर जत्रेत मिळतं तसं यमपुरीचं चित्र. एकेका चौकटीत एकेक पाप आणि त्याची शिक्षा. कुणी आपल्या शेतातली धानाची बांधी दाखवावी तशा कौतुकानं शालिक मला चौकटी दाखवायला लागला. हे चोराचं, म्हणजे त्याचं. हे खोटी साक्ष देणाऱ्याचं, तेही त्याचंच. करवतीखालच्या माणसाबद्दल विचारलं, तर म्हणाला, तेवढं काम अजून झालं नाही.

एका चौकटीवर कॅलेंडरमधून कापलेला महादेव चिकटवलेला होता. मी पत्रकवाला, झाकलेलं उघडायची खोड. नखानं कागद सोलायला लागलो, तर त्यानं माझं मनगट धरलं.

"राहू दे, लीडर. तेथं माय हाये."

मग एकेक बाहेर आलं. तो दहा वर्षांचा असताना, बापाच्या माराला कंटाळून मायनं गावच्या तलावात जीव दिला होता. तेराव्याला आलेल्या महाराजांनी पंगतीसमोर सांगितलं, जीव देणारीला नरकातून सुटका नाही. दहा वर्षांच्या पोराच्या देखत.

"एकटीच हाये तेथं," शालिक म्हणाला. "म्या चांगला वागलो, तं भेटन कशी?"

मी चित्र पुन्हा नीट पाहिलं. चोर होते, खोटारडे होते. बायकोला मारणाऱ्यासाठी एकही चौकट नव्हती.

शालिकनं कोपऱ्यातल्या गठ्ठ्याकडे बोट केलं. मग त्यानं विचारलं, "तुह्या कागदात लिवलं, ते खरं हाये?"

"खरं आहे."

"तिले मालूम नसन."

गठ्ठ्यातलं एक पत्रक काढून तो निघाला. भर दुपारी मी त्याच्यामागून तलावाच्या पाळीवर गेलो. मेलेल्या माणसाला ऐकू येत नाही, त्याला वाचून दाखवणं माझ्या तत्त्वात बसत नाही, असं मी वाटभर समजावत होतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पत्रक माझ्या हातात दिलं.

मी पाण्याकडे तोंड करून वाचायला लागलो. सभांमधून गाजवलेली ती वाक्यं तोंडातून नीट निघेनात. पहिलं पान संपता संपता त्यानं मला हळूच कोपरानं ढोसलं.

"मोठ्यानं वाच, लीडर. तेथं पानी खोल हाये."