शांताक्काला घर न देण्याचा ठराव

देव सर्वत्र आहे, याबद्दल सुशिक्षित समाजात आता मतभेद उरलेला नाही. सर्वत्र असूनही तो नेमका कुठल्या बाजूला आहे, एवढ्यावरच काय ते भांडण आहे. म्हैसूरच्या शिंपी समाजाच्या विठ्ठल मंदिरात हा प्रश्न नऊ वर्षं पडून होता, आणि त्यापायी समितीचे चिटणीस दामोदरराव यांची रक्तदाबाची अर्धी गोळी अख्खी झाली होती.

समितीत अकरा सभासद. पाच तुळशीकडे बसत, पाच विहिरीकडे. तुळशीकडचे पुढारी वेंकोजीराव, विहिरीकडचे गंगाधरराव. दोघे सख्खे साडू. दिल्लीत कोणी बसावं आणि बेंगळूरात कोणी बसावं, यावरून ते एका पंक्तीत बसेनासे झाले होते. मंदिराचा कारभार मात्र सुरळीत होता. आरती दोनदा होई (दुसरी थोडी जलद). कॉफीचे थर्मास दोन. फोनवर गट दोन. दामोदरराव दोन्ही गटांत होते आणि एका तिसऱ्याही, ज्यात ते एकटेच होते. तिथे ते कुणाला लागणार नाहीत अशी वाक्यं आधी लिहून पाहत. सभेत ते मधोमध खांबाला टेकून बसत. निःपक्षपाती माणसाला टेकायला काहीतरी लागतंच.

अशात एका एकादशीला त्यांची पुतणी तुंगा व्याख्यानाला आली. ती कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. तिनं सांगितलं, की दक्षिण अमेरिकेतल्या काही पाद्र्यांनी गरिबांच्या वस्त्यांत राहून एक विचार मांडला. देव तटस्थ नसतो. तो बाजू घेतो; ज्याला कोणी नाही, ज्याला घर नाही, त्याची.

‘देव बाजू घेतो’ हे शब्द कानावर पडताच दोन्हीकडचे दहा सभासद ताठ बसले. दहांपैकी नऊ जण तोवर झोपेत होते, यावरून विचाराची ताकद ध्यानात यावी. “म्हणून त्या माणसाला मोकळं करणं हीच पूजा,” हे तुंगाचं पुढचं वाक्य प्रसादाच्या घंटेत बुडालं. पण मुख्य मुद्दा कळला होता. देव बेघराच्या बाजूला. तेव्हा बेघर ज्या बाजूला, देव त्या बाजूला.

मंदिराला एकच बेघर होती. शांताक्का. साठी ओलांडलेली, बारीक चणीची, जिभेनं तिखट. तीस वर्षं तिनं गल्लीतल्या शिंप्यांकडे काज-बटणाचं काम केलं. समितीच्या अकराही जणांच्या सदऱ्यांची काजं तिच्याच हातची. गेले सहा महिने ती एक ट्रंक, एक छत्री घेऊन मंदिराच्या बाहेरच्या ओट्यावर राहत होती, आणि सहा महिने दोन्ही बाजू चप्पल काढताना तिला वळसा घालून आत जात होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता वेंकोजीराव इडली घेऊन तिच्यापुढे उभे. सव्वासातला गंगाधरराव केसरीभात घेऊन. पहिल्या पंधरवड्यात शांताक्काला जे मिळालं त्याची दामोदररावांनी चिटणीस या नात्यानं नोंद ठेवली : ब्लँकेटं चार, मच्छरदाण्या तीन, पुढाऱ्याचं चित्र असलेली प्लास्टिकची खुर्ची एक, विरुद्ध पुढाऱ्याचं चित्र असलेली उशी एक, आणि तिच्यासोबत काढलेले फोटो एकसष्ट. घर शून्य. तिचा कल कुणाकडे आहे हेही रोज मोजलं जाई. ती बावन्न टक्के वेळ तुळशीकडे तोंड करून बसे, पंचेचाळीस टक्के विहिरीकडे. उरलेले तीन टक्के शिंकण्यात जात. (शिंका कुणाच्या धरायच्या, यावर पोटसमिती बसली.)

मग शांताक्कानं तोंड उघडलं.

“दामोदरराव, मागची खोली आहे की. मोडका मांडव पडलाय तिच्यात. ती दिली तर साकु, बाकी काय नको. ती उशी तर घेऊनच जावा. त्या माणसाच्या तोंडावर डोकं ठेवून मला झोप येत नाही.”

तातडीची सभा झाली. मागणी साधी दिसत असली तरी तिच्यातला धोका गंगाधररावांनी पहिल्यांदा ओळखला. खोली मिळाली की शांताक्का बेघर राहणार नाही. बेघर नाही म्हणजे देव बाजूला नाही. “मत्ते, मग आपण काय करायचं?” त्यांनी विचारलं, आणि नऊ वर्षांत प्रथमच वेंकोजीरावांनी मान डोलावली. ठराव एकमतानं पास झाला :

‘श्रीमती शांताक्का यांच्या बेघरपणाविषयी समितीस नितांत आदर असून, सदर बेघरपणास कोणत्याही प्रकारे धक्का लागू नये यासाठी समिती कटिबद्ध आहे.’

ठराव दामोदररावांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिला. लिहिताना त्यांच्या खिशातली एक किल्ली मांडीला टोचत होती. चामराजपुरमच्या त्यांच्या घराच्या माडीवर एक खोली होती. मुलगा चिदंबर परदेशातून परत येईल तेव्हा लागेल म्हणून अकरा वर्षं कुलपात. चिदंबरनं तिकडे तीन वेळा घर बदललं होतं. खोलीत एक इस्त्रीचं टेबल, खिडकी, आणि सकाळचं भरपूर ऊन होतं. ऊन रोज येऊन रिकाम्या टेबलावर बसून जाई. दामोदररावांनी किल्ली दुसऱ्या खिशात घातली. ती तिथेही टोचली.

रविवारी सकाळी दहाला जाहीर सभा. शांताक्कानं आपली बाजू सांगावी, असा एकच विषय. तिला हार घालून मधल्या खुर्चीवर बसवलं. तुळशीकडून टाळ्या, विहिरीकडून जास्त टाळ्या.

“देव माझ्या बाजूला आहे, हे खरं नव्हे?” तिनं विचारलं.

“खरं!” दोन्ही बाजू एका सुरात म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या.

“मग त्याला दार आहे, कडी आहे, पंखासुद्धा आहे. मला का नाही?”

वेंकोजीरावांनी घसा साफ केला. “अक्का, तुम्ही आत गेलात की तो बाहेर पडेल. हे आम्ही म्हणत नाही, शास्त्र म्हणतं.”

“अय्यो, पडू दे की! ओट्यावर चार ब्लँकेटं आहेत.” मग ती खांबाकडे वळली. “दामोदरराव, सुम्ने, उगाच काय खांब धरून बसलात? तुमची माडीवरची खोली रिकामी आहे ना?”

दामोदररावांकडे या प्रसंगासाठी वाक्य तयार होतं : ‘दोन्ही बाजूंत तथ्य आहे.’ त्यांनी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते असं :

“हो. चला.”

सर्वांत जास्त धक्का त्यांना स्वतःलाच बसला.

“कधी?” शांताक्का म्हणाली.

“आत्ता. रिक्षा बोलावतो.”

त्यांनी ट्रंक उचलली. ती जड होती, तरी बासष्टाव्या वर्षी दामोदरराव पायऱ्या जवळजवळ उड्या मारत उतरले. त्यांना हसू फुटत होतं आणि ते का, हे कळत नव्हतं. रिक्षात शांताक्कानं गळ्यातला हार काढून त्यांच्या गळ्यात घातला. “तुम्ही घाला. मला खाजवतो.”

मंदिरात मात्र अरिष्ट कोसळलं होतं. घर देऊन देवाला निराधार केल्याबद्दल दामोदररावांचा निषेध झाला आणि त्यांना चिटणीसपदावरून काढण्यात आलं. ठराव वेंकोजीरावांनी मांडला, गंगाधररावांनी अनुमोदन दिलं. मग दोघे साडू एकाच थर्मासमधली कॉफी प्यायले. आरती आता एकदाच होते. नव्या बेघराचा शोध एकत्र चालू आहे; सतरा जण आले होते, पण मुलाखतीत सगळ्यांनीच घर मागितल्यामुळे ते अपात्र ठरले.

चौथ्या दिवशी शांताक्का माडीवर इस्त्रीच्या टेबलाशी बसून काजं करत होती. दामोदरराव कॉफी घेऊन वर आले. जरा घुटमळून त्यांनी विचारलं, “अक्का, तुमचं घर गेलं कसं?”

सुई थांबली. “रस्ता मोठा करायचा म्हणून पाडलं. रस्त्याच्या उद्घाटनाला दोन्हीकडचे मोठे लोक आले होते. एकच फीत, एकच कात्री, दोघांनी मिळून धरली. मी तिथेच ट्रंकेवर बसले होते. फोटोत आलेय मी.” तिनं दोरा दातांनी तोडला. “एवढ्या दिवसांत हे कोणी विचारलं नव्हतं.”

तुम्हीही नाही विचारलंत. तुळशीकडचे कुठल्या पक्षाचे आणि विहिरीकडचे कुठल्या, हे ताडण्यात तुम्ही गुंतला होतात. हरकत नाही. समितीत चिटणीसाची जागा रिकामी आहे. अर्जदाराकडे स्वतःचं घर, घरात एक रिकामी खोली आणि ती रिकामीच ठेवण्याचा अनुभव असावा. तुमचा अर्ज आम्ही भरून ठेवला आहे. फक्त सही करा.