दादाला विचारू या

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत नलूताईंसमोर शब्दकोश उघडायची कुणाची टाप नाही. "पुस्तकात काय, काहीही छापतात. जिवंत माणूस म्हणाला पाहिजे," हा त्यांचा कायदा.

दर रविवारी दुपारी आम्ही चारपाच जण सोसायटीच्या ऑफिसात अक्षरांच्या चकत्या जुळवून शब्द करण्याचा खेळ मांडतो. कुठला शब्द चालतो, कुठला नाही, यावरून खेळापेक्षा भांडणंच जास्त. तुमच्या शब्दावर कुणी हरकत घेतली तर तुमचं तोंड पडेल. नलूताईंचं खुलतं! "दादाला विचारू या!" म्हणत त्या फोन स्पीकरवर टाकतात. पलीकडे ठाण्यातल्या कोलशेतचे त्यांचे थोरले भाऊ, शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेले.

"चुंबळ आहे?"

"आहे. डोक्यावर हंडा घेताना खाली ठेवतात ती."

फोन बंद. हॅलो नाही, ठेवतो नाही.

"सेल्फी?"

"लोक रोज काढतात ना? मग आहे."

फोन बंद.

मला वाटलेलं, मास्तर माणूस, स्वभावच तुटक असेल. मग एकदा ताईंच्याच तोंडून कळलं. त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका दादांना नुसती व्हॉट्सअ‍ॅपवर गेली. घरी येऊन अक्षत दिली नाही म्हणून दादा लग्नाला आले नाहीत, आणि आले नाहीत म्हणून ताई बोलल्या नाहीत. आता त्या मुलीची मुलगी शाळेत जाते! दोघांचं बोलणं उरलंय ते एवढंच, शब्द आहे की नाही. म्हणून तर ही बाई मुद्दाम असले शब्द लावते, की कुणीतरी हरकत घ्यावी.

आणि अशात आमच्या सावंतांनी मोबाइलवर शब्दांचं अ‍ॅप घेतलं. "ताई, उगाच दादांना कशाला त्रास? दोन सेकंदांत निकाल!" सगळ्यांनी माना डोलावल्या. कायदा मोडला तरी ताई भांडल्या नाहीत. त्यानंतरचे रविवार त्या गपचूप 'घर', 'वीट' असलं काहीबाही लावून हरत राहिल्या. अहो, भांडकुदळ माणूस असं गप्प बसलेलं बघवत नाही. मला तर सावंतांचा भयंकर राग आला.

परवा ताईंनी 'ताक' लावलं. मी म्हटलं, "हरकत!"

"ताकावर?" सावंत उडालेच. "अ‍ॅपमध्ये आहे हो!"

"असेल. मला अ‍ॅप मान्य नाही. ताई, दादांना विचारा."

ताईंनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग फोन लावला.

"दादा, ताक आहे?"

पलीकडून एकदम, "इतके रविवार फोन नाही तुझा. बरी आहेस ना गं? मी दुपारचा झोपतसुद्धा नाही, वाट बघत बसतो."

ताईंनी पहिल्यांदाच स्पीकर बंद केला. फोन कानाला लावून त्या बाहेर जिन्यात गेल्या. आम्ही सगळे उगाचच चकत्या सारख्या करत बसलो.

परत आल्या तेव्हा डोळे लाल झालेले, पण आवाज नेहमीचा, खणखणीत.

"सावंत, कोलशेतला जायला बरं कसं पडतं हो?"

"शीळफाट्यावरून नका जाऊ, मरणाचं ट्रॅफिक असतं. सकाळी लवकर निघा."

"लवकरच निघते," ताई म्हणाल्या. "जेवायला बोलावलंय."